सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथल्या, किंवा मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवरच्या ढिगात, जुनी घड्याळं, कॅमेरे आणि मिक्सरची भांडी यांच्यामध्ये कधीतरी एखादा वॉकमन दिसतो. धुळीने माखलेला, झाकणावर ओरखडे पडलेला. नवखा माणूस त्यावरचं कंपनीचं नाव वाचतो आणि भाव विचारतो. जाणकार माणूस आधी मागचं सेलचं झाकण उघडून आतल्या स्प्रिंगा बघतो. त्या गंजलेल्या नसतील तर कॅसेटचं दार उघडून रबराच्या रोलरवर नख टेकवतो. मग खिशातून स्वतःचे दोन पेन्सिल सेल काढून आत घालतो, प्ले दाबतो आणि हेडफोन न लावता यंत्र नुसतंच कानाला लावतो. मोटर फिरते आहे का, आणि फिरत असेल तर तिच्याबरोबर चाकंही फिरताहेत का, एवढंच त्याला ऐकायचं असतं. भावाची गोष्ट त्यानंतर.

जुने वॉकमन जमवणाऱ्यांची जमात जगभर पसरलेली आहे आणि तिचा छंद इतर संग्रहांपेक्षा वेगळा आहे. पोस्टाची तिकिटं, नाणी, काडेपेटीचे छाप नीट सांभाळून ठेवले की काम भागतं. वॉकमनचं तसं भागत नाही. खोक्यातून कधी बाहेरच न काढलेला, पंचवीस-तीस वर्षं तसाच पडलेला कोरा वॉकमन बहुतेक वेळा चालत नाही, कारण आतलं रबर म्हातारं झालेलं असतं. उलट रोज हाताळलेला, कोपरे झिजलेला, पण मधूनमधून पट्टा बदललेला वॉकमन आजही सुरेख वाजतो. त्यामुळे या मंडळींमध्ये कपाटातल्या मांडणीपेक्षा हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरला मान जास्त आहे, आणि तो असायलाच हवा. मुका वॉकमन हा अर्धाच वॉकमन.

या सगळ्याच्या मुळाशी एक आकडा आहे : सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. बोलीत सांगायचं तर पावणेपाच. कॅसेटमधली फीत हेडसमोरून, म्हणजे तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या भागासमोरून, याच वेगाने सरकली पाहिजे. हा वेग ठरला तो फिलिप्स कंपनीच्या कॅसेटमुळे. लू ओटन्स या डच अभियंत्याच्या हाताखालच्या चमूने बेल्जियममधल्या हॅसेल्ट इथे ती घडवली आणि ऑगस्ट १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. यंत्र केवढं असावं हे ठरवण्यासाठी ओटन्स यांनी लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला होता. तो कोटाच्या खिशात मावला पाहिजे, ही अट. पुढे फिलिप्सने ठरलेल्या मापाबरहुकूम कॅसेट बनवायला इतर कंपन्यांना शुल्काशिवाय परवानगी दिली. म्हणून कोल्हापुरात भरलेली कॅसेट टोकियोत त्याच सुरात वाजते. फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद, आणि तेवढ्यात चार पट्टे : एका बाजूचे दोन, दुसऱ्या बाजूचे दोन. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू वाजली की सुमारे ८६ मीटर फीत हेडसमोरून गेलेली असते.

टेबलावर ठेवलेल्या डेकला हा वेग सांभाळणं फार जड जात नाही. त्याच्या पोटात जड चाक मावतं, वीज भिंतीतून येते आणि तो जागचा हलत नाही. खिशातल्या यंत्राचं सगळंच उलटं. मोठ्या चाकाला जागा नाही. सेल हळूहळू उतरत जातात. आणि माणूस चालतो, जिने उतरतो, धावत जाऊन बस पकडतो. प्रत्येक पावलागणिक आतल्या चाकाला हिसका बसतो आणि स्वर हेलकावतो. ढोलकीच्या ठेक्यात हे कदाचित लपून जाईल, पण बासरीचा लांब सूर किंवा मागचा तंबोरा लगेच डगमगायला लागतो. जुन्या वॉकमनमध्ये जी वैशिष्ट्यं संग्राहक शोधत फिरतात, त्यांतली सगळ्यात मोलाची या एका अडचणीवरची उत्तरं आहेत.

पहिला वॉकमन १९७९ चा. सोनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायचं असे. कंपनीचा टीसी-डी५ हा रेकॉर्डर आवाजाला उत्तम, पण बाळगायला जड. काहीतरी हलकं करून द्या, असं त्यांनी सांगितलं. कोझो ओसोने यांच्या विभागाने पत्रकारांसाठीचा ‘प्रेसमन’ नावाचा छोटा मोनो रेकॉर्डर घेतला. त्यातली रेकॉर्डिंगची यंत्रणा आणि स्पीकर काढून टाकले आणि त्या जागी स्टिरिओ अँप्लिफायर बसवला. दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांनी ती कल्पना उचलून धरली. रेकॉर्डच न करणारा टेपरेकॉर्डर कोण विकत घेणार, असा प्रश्न कंपनीतच विचारला जात होता. १ जुलै १९७९ रोजी तो जपानच्या दुकानांत आला. किंमत ३३,००० येन, मॉडेल टीपीएस-एल२. त्याआधी पत्रकारांना बसमधून टोकियोच्या योयोगी पार्कात नेलं होतं. त्यांच्या हातात वॉकमन दिले आणि माहिती सांगणारा आवाज थेट कॅसेटमधून त्यांच्या कानात वाजला. समोर तरुण मुलं-मुली वॉकमन लावून चालत, सायकल चालवत होती. पहिल्या महिन्यात बनवलेल्या ३०,००० पैकी फक्त तीनेक हजार विकले गेले. ऑगस्ट संपेपर्यंत साठा संपला होता.

हा टीपीएस-एल२ हातात घेतला की त्याचं वजन आधी जाणवतं. निळ्या-चंदेरी धातूचं अंग आणि ३९० ग्रॅम भार. वरच्या कडेला हेडफोनची दोन भोकं शेजारी-शेजारी आणि जवळच एक नारिंगी बटण. दोन भोकांमागे एक घरगुती गोष्ट आहे. मोरितांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितलं आहे की नमुना घरी आणून ते एकटेच ऐकत बसले, तेव्हा पत्नीला आपण वगळले गेलो असं वाटलं. मग दोघांनी मिळून ऐकायची सोय झाली. पण कानावर हेडफोन असताना दोघांनी बोलायचं कसं? त्यासाठी ते नारिंगी ‘हॉट लाइन’ बटण. ते दाबलं की संगीत दबतं, आतला मायक्रोफोन सुरू होतो आणि बोलणं दोघांच्याही कानात ऐकू येतं. सुरुवातीच्या यंत्रांवर या दोन भोकांशी ‘गाइज’ आणि ‘डॉल्स’ असं छापलेलं होतं, नंतरच्या यंत्रांवर नुसतं ‘ए’ आणि ‘बी’. आज संग्राहक भिंग घेऊन आधी तेच बघतात, कारण पहिल्या छापाच्या यंत्राला जास्त किंमत येते. खरं तर लोकांनी वॉकमन वाटून घेतलाच नाही. ज्याचा त्याने ऐकला. हॉट लाइन पुढच्या मॉडेलांतून गेली आणि हळूहळू दुसरं भोकही गेलं.

या यंत्राला सुरुवातीला देशोदेशी वेगवेगळी नावं होती. अमेरिकेत साउंडअबाउट, ब्रिटनमध्ये स्टोअवे, स्वीडनमध्ये फ्रीस्टाइल. टिकलं ते जपानी लोकांनी जुळवलेलं मोडकं इंग्रजी नाव, वॉकमन. ते इतकं रुळलं की ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तो सामान्य शब्द झाल्याचं मान्य केलं. मराठी घरांनी हा निकाल कितीतरी आधी दिला होता. फिलिप्सचा असो, आयवाचा असो की कुठलंच नाव नसलेला, आपल्याकडे तो वॉकमनच.

श्रेयाच्या बाबतीत एक नाव मात्र सोडून चालणार नाही. आंद्रेआस पावेल हा जर्मन वंशाचा, ब्राझीलमध्ये वाढलेला माणूस. अंगावर बाळगायच्या स्टिरिओची कल्पना त्याने १९७२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्फात करून पाहिली होती आणि १९७७ मध्ये इटलीत त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. त्याचं नाव ‘स्टिरिओबेल्ट’. सोनीशी त्याचा वाद वर्षानुवर्षं चालला आणि अखेर एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यायालयाबाहेर तडजोड झाली. कॅसेट घडवणाऱ्या ओटन्स यांनाही वॉकमन फिलिप्सने केला नाही याची रुखरुख शेवटपर्यंत होती. २०२१ मध्ये ९४ व्या वर्षी ते गेले.

संग्राहकांची खरी लाडकी यंत्रं १९८१ पासूनची आहेत. त्या वर्षीचा डब्ल्यूएम-२ हा आधीच्यापेक्षा बराच लहान आणि दिसायला देखणा. बटणं पुढच्या बाजूला, हलक्या बोटाने दाबली जाणारी. मग १९८३ चा डब्ल्यूएम-२० आला. याचा आकार कॅसेटच्या रिकाम्या प्लॅस्टिक डबीएवढा! कॅसेटच्या डबीत कॅसेट मावते हे ठीक, पण त्याच मापात मोटर, चाकं, अँप्लिफायर आणि सेल कसे बसवायचे? अभियंत्यांनी यंत्रच सरकतं केलं. कॅसेट आत घालताना कवच थोडं बाहेर ओढायचं, रिकामं असताना ते पुन्हा आत ढकलायचं. दोन पेन्सिल सेलांच्या जागी एकच. बंद स्थितीत तो टेबलावर ठेवला तर कॅसेटची डबीच वाटते. इतका लहान जीव असल्यामुळे तो नाजूकही तेवढाच. आतल्या तारा केसासारख्या, दुरुस्ती करणारे त्याला हात लावायला कचरतात. वॉकमनच्या इतिहासातली ही सगळ्यात हुशार वस्तू आहे, भले रोज ऐकायला ती सोयीची नसेल.

वेगाच्या प्रश्नाला थेट भिडणारे दोन गट वेगळेच. साध्या वॉकमनमध्ये मोटरचं बळ रबरी पट्ट्यातून चाकाला मिळतं. पट्टा ताणला जातो, सैल पडतो आणि वेग हलतो. १९८२ मध्ये आलेल्या डीडी मालिकेत हा दुवाच काढून टाकला. मोटरने कॅप्स्टन, म्हणजे फीत ओढणारी ती बारीक पोलादी कांडी, पट्ट्याशिवाय फिरवायची. या मालिकेचा आवाज एकदा ऐकला की संग्राहक मागे फिरत नाहीत. ऐंशीचं दशक सरता सरता आलेला डीडी९ तर त्यांचं स्वप्न. क्वार्ट्झवर बांधलेला वेग, दोन्ही बाजू आपोआप वाजवणारी यंत्रणा, अंगाने मात्र सडपातळ. पण या मालिकेला एक जन्मजात दुखणं आहे. आतलं प्लॅस्टिकचं मधलं दंतचक्र काळाने आकसतं आणि त्याला तडा जातो. मग प्रत्येक फेऱ्याला टिक, टिक असा आवाज येतो. विकणारा ‘चालू आहे’ म्हणतो आणि ते खोटंही नसतं, गाणं वाजतं. पण शांत खोलीत ती टिकटिक ऐकू आली की समजायचं, आत चिरलेलं चाक आहे. सुटे भाग कंपनीकडून मिळणं कधीच बंद झालं. आता जगातले काही हौशी लोक ते चक्र स्वतः घडवून एकमेकांना पुरवतात. या छंदाचा मोठेपणा इथे दिसतो.

दुसरा गट म्हणजे ‘प्रोफेशनल’. १९८४ चा डब्ल्यूएम-डी६सी. चार पेन्सिल सेल, क्वार्ट्झने बांधलेला वेग, रेकॉर्डिंगची सोय, आवाजाची पातळी दाखवणारे दिवे. खिशात मावेल असं याला कोणी म्हणणार नाही. खांद्याला अडकवायचा. पत्रकार, आकाशवाणीसाठी ध्वनिमुद्रण करणारे आणि मैफली टिपणारे रसिक यांनी जगभर तो वर्षानुवर्षं वापरला. ज्याला प्रत्यक्ष ऐकण्यासाठी एकच यंत्र हवं आहे आणि खिशाला परवडतं आहे, त्याने हाच घ्यावा.

बाकीच्या यंत्रांत कल्पकतेची नुसती जत्रा आहे. १९८३ चा पिवळाजर्द स्पोर्ट्स वॉकमन पाण्याचे शिंतोडे सोसायचा, रबरी कडा आणि घट्ट खटका लावलेला. त्याच वळणावर पुढे उन्हावर चालणारा डब्ल्यूएम-एफ१०७ आला. दोन कॅसेट मावणारा आणि एकीवरून दुसरीवर उतरवून घेणारा वॉकमनही सोनीने काढला. लहान मुलांसाठी ‘माय फर्स्ट सोनी’ या नावाने लालभडक यंत्रं होती. तोशिबाने आणखी गंमत केली. त्यांच्या वॉकमनमध्ये रेडिओ नव्हता, पण कॅसेटच्याच आकाराची एक डबी मिळायची. ती कॅसेटच्या जागी घातली की एफएम सुरू. आज तोशिबाचं यंत्र सापडतं, ती डबी सापडत नाही. कारण उघड आहे, कॅसेटसारखी दिसणारी डबी इतर कॅसेटांबरोबर टाकून दिली गेली.

झाकणावर छापलेल्या शब्दांचा अर्थ नव्या माणसाने आधी समजून घ्यावा. ‘ऑटो रिव्हर्स’ म्हणजे कॅसेट काढून उलटी घालायची गरज नाही. सोयीचं खरं, पण त्यासाठी कॅप्स्टन दोन, रोलर दोन, बिघडायच्या जागाही दुप्पट. ‘मेटल’ हा खटका फितीच्या जातीप्रमाणे स्वराचा तोल बदलतो. साधी फेरिक फीत आणि क्रोम किंवा मेटल फीत यांना वेगळा हिशेब लागतो. ‘डॉल्बी’ फितीची सळसळ कमी करते, मात्र कॅसेट डॉल्बी लावून भरलेली असेल तरच तिचा उपयोग. नाहीतर वरचे बारीक स्वरही तिच्याबरोबर जातात. ‘मेगा बास’ खर्जाला जोर देतो. भजनाच्या पखवाजाला तो बरा वाटतो, गायकाच्या गळ्याला नाही. काही यंत्रं दोन गाण्यांमधली शांतता ओळखून पुढच्या गाण्यावर थांबायची. १९८५ च्या सुमारास च्युइंगगमच्या पट्टीसारखे चपटे, पुन्हा भरता येणारे सेल आले आणि वॉकमन आणखी बारीक झाले. तेच आज त्यांच्या गळ्याशी आलं आहे, कारण ते सेल सहज मिळत नाहीत. पेन्सिल सेल मात्र कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतो. पहिला वॉकमन घेणाऱ्याने एवढ्या एका मुद्द्यावर निवड केली तरी बरीच फसगत टळेल.

आता एखाद्या हौशी कारागिराच्या टेबलाशी बसून बघू. चांगला प्रकाश, पांढरा कपडा, बारीक फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर. मागच्या झाकणाचे स्क्रू दिसायला सारखे, पण लांबी वेगवेगळी. म्हणून कागदावर वॉकमनचं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवायचा. लांब स्क्रू चुकून आखूड भोकात बसवला तर पुढच्या बाजूचं कवच फुटतं. झाकण निघालं की हिरवी पाटी, तिच्यावरून हेडकडे गेलेल्या बारीक तारा आणि त्यांच्याखाली दडलेला पट्टा. पट्टा चांगला असेल तर नुसता सैल पडलेला असतो. काही मॉडेलांत मात्र तो पट्टा राहिलेलाच नसतो. त्याचं काळं डांबर झालेलं असतं, चाकाच्या खाचेत, मोटरच्या दांड्यावर, कारागिराच्या बोटांवर. कापूस गुंडाळलेली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ते खरवडत बसायचं. अर्धा तास, कधी एक. घाई केली तर तोच चिखल नव्या पट्ट्याखाली जातो आणि चाक पुन्हा अडखळतं.

मग रोलर. त्याचं रबर चकाकायला लागलं असेल तर ते कडक झालं आहे. असा रोलर फितीला धरू शकत नाही आणि ती आत ओढली जाते. ‘टेपने कॅसेट खाल्ली’ असं घराघरांत म्हटलं जायचं, त्यामागचा गुन्हेगार बहुतेक वेळा हाच. हेडवर तपकिरी थर जमलेला असतो, तोही पुसायचा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरच्या काही यंत्रांत पाटीवरचे इवलेसे कपॅसिटर पाझरतात आणि आवाज एका कानातून जातो. ते बदलणं हे हौशी माणसाचं काम नाही. त्यासाठी सोल्डरिंगवर हात बसलेला कारागीर हवा, तो मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या परिसरात अजून सापडतो.

शेवटी वेग. कारागीर एक चाचणी कॅसेट घालतो. तिच्यात गाणं नसतं, ३,१५० हर्ट्झचा एकच सरळ सूर असतो. फोनमधलं मोजणारं ॲप समोर ठेवायचं आणि यंत्राच्या अंगावरच्या बारीक भोकातून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घालून आतला स्क्रू केसभर फिरवायचा. आकडा ३,२०० वर असेल तर खाली आणायचा, ३,१०० वर असेल तर वर. केसभर म्हणजे खरोखरच केसभर. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सगळं गाणं अर्धा स्वर चढतं. म्हणजे पांढरी एकमध्ये गाणारे बुवा थेट काळी एकमध्ये जातात आणि गळाही थोडा बारीक होतो. घरात सुरात लावलेली पेटी असेल आणि कॅसेटवरच्या गायकाची पट्टी पक्की माहीत असेल, तर नुसत्या कानानेही चांगला अंदाज येतो. कित्येक जुने वॉकमन ‘मस्त वाजतात’ असं लोक सांगतात ते प्रत्यक्षात अर्धा स्वर चढे असतात आणि मालकाला त्याची सवय झालेली असते.

हे यंत्र महाराष्ट्रात आणि गोव्यात आलं ते मुख्यतः आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या बॅगेतून आणि मुंबईच्या मुसाफिरखाना, मनीष मार्केट, हीरा पन्ना अशा बाजारांतून. दुबई-मस्कतहून येणाऱ्या मामाने भाच्यासाठी आणलेला वॉकमन ही रत्नागिरीपासून म्हापशापर्यंत कित्येक घरांची आठवण आहे. त्याच काळात कॅसेट स्वस्त झाली. गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजने आणि गावोगावच्या छोट्या कंपन्यांनी बाजाराचं रूपच पालटलं. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकाने या उलथापालथीवर १९९३ मध्ये पुस्तक लिहिलं. मराठीत प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं, बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ, पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने काढलेलं पु. लं.चं कथाकथन असं सगळं कॅसेटवर घरी आलं. त्यामुळे आपल्याकडच्या संग्राहकाचं कपाट टोकियोतल्या संग्राहकापेक्षा वेगळं दिसतं. तिथे दुर्मीळ मॉडेलं असतील. इथे साधीसुधी, भरपूर वापरलेली यंत्रं आहेत, पण त्यांत घालायला असं काही आहे जे दुसरीकडे कुठेच ऐकायला मिळत नाही.

किमतींबद्दल थोडंसं. २०१४ मध्ये ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ या चित्रपटात नायकाच्या हातात टीपीएस-एल२ दिसला आणि त्याचे भाव चढले, ते पुन्हा खाली आले नाहीत. सोनीने जपानी बाजारासाठी कॅसेट वॉकमन बनवणं २०१० मध्ये थांबवलं, तोवर वीस कोटींहून जास्त कॅसेट वॉकमन खपले होते. त्यामुळे साधी मॉडेलं अजून मुबलक आहेत आणि नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. फ्रान्सची वी आर रिवाइंड, चीनची फीओ अशा कंपन्यांनी अलीकडे नवे कॅसेट प्लेअरही काढले आहेत. ऐकण्यापुरते ते चांगले आहेत, हमीसकट मिळतात. पण त्यांत डॉल्बी नाही, तिच्यासाठी लागणाऱ्या चिप आता बनतच नाहीत. आणि डब्ल्यूएम-२० सारखा बारकेपणा तर त्यांच्या आसपासही नाही. चाळीस वर्षांपूर्वी ज्या कारखान्यांत ती कसोशी होती ते कारखाने, ते साचे आणि ते हात राहिलेले नाहीत. म्हणूनच जुनी यंत्रं चालती राहिली पाहिजेत.

वाचकांच्या घरात, माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या खणात एखादा वॉकमन असेल तर आजच त्याचं सेलचं झाकण उघडून बघावं. जुने सेल आत राहिले असतील तर ते लगेच काढावेत. त्यांतून पाझरलेला पांढरा क्षार स्प्रिंगा खातो आणि मग तारांपर्यंत पोचतो. तो दिसला तर कापसाच्या काडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगरचा थेंब घेऊन पुसावा आणि नंतर ती जागा अल्कोहोलने कोरडी करावी. यंत्र चालू झालं की पहिला मोह होतो तो घरातली जुनी कॅसेट लावायचा : आजीने म्हटलेल्या ओव्या, मुंजीत टेप केलेली मंगलाष्टकं, परदेशातल्या मुलाला बोलून पाठवलेलं पत्र. ती कॅसेट पहिल्या प्रयोगाला घालू नका. आधी एखादी टाकाऊ कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून बघा. फीत नीट परत गुंडाळली गेली, वेग स्थिर राहिला, की मगच आजीची कॅसेट आत घाला. आणि ती वाजेल त्याच वेळी हेडफोनच्या भोकातून तार जोडून संगणकावर उतरवून घ्या.